कड्यावरचं लगीन

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला, की टिळकवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतनं येळ्ळूरच्या बाजूचा वास यायला लागतो. भात कापल्याचा वास. ज्यांनी घेतला नाही त्यांना कसा सांगायचा? ओला पेंढा, वाळत आलेला चिखल, विळ्याच्या लोखंडाला लागलेला हिरवा रस, आणि या सगळ्यात कुठंतरी बासमतीची पुसट रेघ. सून म्हणते, "आई, मला तर काहीच येत नाही. तुमच्या नाकात रेडिओ बसवलाय कुणीतरी." मी हसते आणि खिडकी लावून घेते.

सुगी म्हटलं की माणसं सुखावतात. मला त्या दिवसांत घास गिळवत नाही. पावसाला भिणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत, उन्हाळ्याला भिणारीही बघितलीत. सुगीला भिणारी मी एकटीच असेन. म्हणजे आता एकटी. आधी आम्ही दोघी होतो, मी आणि माझी थोरली बहीण सुंदरा. मी तिला नुसतं आक्का म्हणायची.

मी काही शिकलेली बाई नव्हे, हे आधीच सांगते, म्हणजे लिहिताना बोलल्यासारखं झालं तर तुम्ही राग धरणार नाही. लग्न होऊन वडगावात आले तेव्हा मला सही येत होती, बास. आमच्या गल्लीत दारोदार माग. शेजारच्या मागासाठी मी कांड्या भरून द्यायची, आणि सुताची बंडलं ज्या जुन्या पेपरात गुंडाळून यायची ते पेपर वाचायची. असं वाचत वाचत वाचायला आलं. अर्धी बातमी एका बंडलावर असायची, उरलेली कधी मिळायचीच नाही. अर्ध्यात तुटलेल्या गोष्टींची सवय मला तिथं लागली. एकच गोष्ट मला पुरी ठाऊक आहे, आणि ती माझ्याच्यानं आजवर कुणाला धड सांगवलेली नाही.

आम्ही दोघी येळ्ळूरच्या. मला शहराकडं दिली, आक्काला डोंगराकडं. बेळगावातनं चंदगडकडच्या गाडीनं निघायचं, अर्ध्या वाटेवर उतरायचं आणि मग बांधाबांधानं चालत राहायचं. खाचरं संपतात तिथं भिंतीसारखा सरळ कडा उभा. जांभ्या दगडाचा, उन्हापावसानं काळा पडलेला, अंगावर आग्या मोहोळांची पोळी लोंबकळणारी. त्याच्या पायथ्याला वाडी. वाडीचं नाव मी सांगत नाही. नाव सांगून आता तिथं जाणार कोण?

कडा पश्चिमेला होता. त्यामुळं वाडीची संध्याकाळ इतर गावांच्या आधी व्हायची. समोर शेतात लख्ख ऊन, आणि आक्काच्या अंगणात सावली येऊन बसलेली. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, म्हणायचे, "आमच्याकडं सरकार भर दुपारीच लाईट घालवतंय." तेव्हा वाडीत लाईट आलीच नव्हती. पण दाजींना अशी बोलायची खोड. दर सुगीला मी कापणीला म्हणून आक्काकडं जायची. खरं तर मागाच्या खडखडाटातनं सुटायला जायची. पहिल्या दिवशी कानाला काही ऐकूच येत नसे, इतकी शांतता. मग हळूहळू एकेक आवाज कानात शिरायचा. विळ्याचा, बगळ्यांचा, खळ्यावर पेंढी आपटल्याचा. आणि वरनं, फार वरनं, मोहोळाचा बारीक घुमणारा आवाज. आक्का म्हणायची, "कडा घोरतोय बघ."

कड्याच्या माथ्यावर फट होती, हे बायकांना आधीपासनं ठाऊक होतं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती ओलांडायची म्हणजे पाऊल जरा लांब टाकायचं, एवढंच. पण कोयनेचा भूकंप झाला, आणि तेव्हापासनं आमच्या भागात भिंतीला चीर दिसली तरी माणसं अंगणात येऊन उभी राहायची. वाडीतल्या कुणीतरी त्या फटीत दगड टाकून कान लावला. दगड पोचल्याचा आवाज आलाच नाही म्हणे. मग अर्ज झाला. अर्ज बरीच वर्षं फिरला. आणीबाणी उठली, त्यानंतरच्या एका सुगीत पेटी घेऊन एक साहेब आला. मापं घ्यायला आला म्हणून वाडीनं त्याचं नाव मापसायेब ठेवलं.

धारवाडकडचा होता. सडपातळ, उन्हानं रापलेला, मराठी बोलताना मध्येच कानडीत घसरणारा. त्यानं काय केलं, तर फटीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर सिमेंटचा एकेक ठोकळा बसवला. प्रत्येक ठोकळ्यात पितळी टोपीची एकेक खुंटी. या खुंटीपासनं त्या खुंटीपर्यंत पोलादी फीत ताणायची आणि आकडा लिहायचा. पावसाआधी एकदा आणि सुगीत एकदा. बाजूच्या बारक्या चिरांवर त्यानं काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. डोंगर हलला तर काच तडकणार.

मी आणि आक्का त्याच्यासाठी भाकरी-पाणी घेऊन वर गेलो होतो. मी विचारलं, "सायेब, भूकंपाचा तडा हाय काय वो ह्यो?"

त्यानं नीट समजावलं. वाटलं असतं तर हुसकावून लावता आलं असतं, पण तसला माणूस नव्हता तो. म्हणाला, दोन गोष्टी आहेत. खाली, खूप खाली, जमिनीचा जुना तडा असू शकतो. तो सरकतोय का ते बघायचं. (त्याला प्रस्तरभंग म्हणतात, हे मला पुढं नातीच्या भूगोलात सापडलं.) आणि वरचं दुखणं वेगळं. वर जांभ्याचं जड झाकण आहे, त्याच्याखाली शाडू. आपल्या गणपतीची माती, ती शाडू. पाणी प्यायली की मऊ पडते. "मऊ गादीवर लोखंडी कपाट ठेवलंय," तो म्हणाला, "कपाट पुढं वाकतंय. किती वाकतंय, ते मला बघायचंय."

"किती वाकतंय मग?" आक्कानं विचारलं.

"ते मुंदिन वर्ष सांगतो." पुढच्या वर्षी.

आणि पुढच्या वर्षी त्यानं खरंच सांगितलं. फीत गुंडाळून पेटीत ठेवली, इकडंतिकडं बघितलं, आक्काच्या हातातल्या लोंबीचा एक दाणा सोलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "इष्टु," म्हणाला. एवढं.

आक्का तो दाणा मुठीत घेऊन कडा उतरली. मला अजून ते दिसतं. एका हातानं झुडपं धरत, दुसरी मूठ गच्च मिटून. अंगणात आल्यावर तिनं मूठ उघडून दाजींपुढं धरली.

"ह्यो काय?"

"कडा एवढा म्होरं आलाय, एका वर्सात."

दाजी खो खो हसले. "अगं, एवढा तर माज्या दाढंत अडकतोय! एवढ्यापायी घर सोडू?"

"दरवर्सी एक," आक्का म्हणाली, "आनि आमी बघायच्या आधी किती झालं, ते कुनाला ठावं?"

घरावर दाजींचा जीव होता, आणि का नसावा? एकेक जांभ्याचा चिरा त्यांनी हातानं तोडलेला, पावसाळाभर भिजवलेला, उन्हाळ्यात रचलेला. आक्काला मात्र रस्त्याकडच्या माळावर जायचं होतं. दोघांचं यावरनं सारखं चालायचं.

"माळावर झाड न्हाय, पानी न्हाय. काय खाणार, वारं?"

"डोस्क्यावर डोंगूर बी न्हाय."

"डोंगूर माज्या बापाच्या डोस्क्यावर बी व्हता."

"मामंजींच्या डोस्क्यावर केस बी व्हतं. तुमच्या हाय काय?"

असं भांडून शेवटी हसायची दोघं. पण आक्काचं हसणं अर्ध्यावर थांबायचं. तिची दोन पोरं, थोरली कमळी आणि तिच्या पाठचा शिवा. रात्री ती त्यांना भिंतीकडं झोपवायची नाही, दाराकडं झोपवायची.

माळावर जागा द्यायची तर सरकारनं द्यायला हवी. आणि सरकार तर आमच्या वाटणीला दोन आलेली. कड्याचा माथा महाराष्ट्रात, वाडी कर्नाटकात. दाजी म्हणायचे, "दगूड सुटनार तिकडनं, पडनार हिकडं. मधी त्येला पास लागंल." कागद या ऑफिसातनं त्या ऑफिसात जायचा, मराठीतला कानडीत व्हायला थांबायचा, कानडीतला मराठीत व्हायला. सगळीकडनं उत्तर एकच. मापं येऊ देत, मापं बघून ठरवू. आक्कानं तेवढं एक धरून ठेवलं होतं. दर वर्षी मापसायेब आला की ती भाकरी घेऊन वर जायची आणि विचारायची, यंदा किती? यंदाही दाणा. त्याच्या पुढच्या वर्षी जरा जास्त, दीड दाणा. एक काचेची पट्टी तडकली. आक्काला त्यात भीती वाटायची आणि आशाही वाटायची. डोंगर पुरेसा हलल्याशिवाय तिचं घर हलणार नव्हतं.

आता ते दोन ठोकळे. मापसायेबानं जाताना सगळ्यांना बजावलं होतं, "मुट्टब्याड्री. हात लावू नका. वर बसू नका. जवळ गुरं बांधू नका." आता तुम्हीच सांगा. ज्याला हात लावायचा नाही, ज्याच्यावर बसायचं नाही, ज्याच्याजवळ गुरं न्यायची नाहीत आणि ज्याच्या डोक्यावर पितळी टोपी आहे, त्याला आमच्याकडं काय म्हणतात? पहिल्या पावसाळ्यात कुणीतरी फूल ठेवलं. मग हळद-कुंकू आलं. एक ठोकळा अंमळ उंच होता, तो नवरा झाला. बुटका तो नवरी. आणि मधली फट? मधली फट म्हणजे अंतरपाट. बायका गवताला जाताना म्हणायच्या, "जोडीला पाया पडून या गं." मलाही हसू आलं होतं आधी. पण तिथं वाऱ्यात उभं राहिलं, त्या दोघांना समोरासमोर असं बघितलं, की हात आपसूक जुळायचे.

कमळी लग्नाची झाली. नाकीडोळी नीटस, विळा चालवायला लागली तर गडी मागं पडायचे. पण जमेना. वाडीचं नाव निघालं की माणसं चहा पिऊन उठायची. आमच्या वाडीला तेव्हा भोवतालची गावं फुटक्या कड्याची वाडी म्हणत. एक पाव्हणा तर तोंडावर म्हणाला, "पोरगी चांगलीच हाय वो. पर जावय सासुरवाडीला येताना काय डोस्क्यावर पाटी घिऊन यील?" दाजी उगीच मोठ्यानं हसले. कमळी आत भांडी घासत होती, ती घासतच राहिली. एकच तांब्या, किती वेळ.

दाजींची चुलती होती, ठकूआत्ती. सुईण. वाडीतली अर्धी माणसं तिच्याच हातानं जगात आलेली, त्यामुळं तिला उलटं बोलायची कुणाची छाती नव्हती. त्या सुगीत खळ्यावर बसून तिनं निकाल दिला.

"वरच्या जोडीकडं बघा की गं जरा. नवरा हिकडं, नवरी तिकडं, मधी सरकारनं अंतरपाट धरून ठेवलाय. वरसं झाली. आनि त्यो सायेब दरसाल यिऊन सांगतोय, आनि लांब गेली म्हनून. आमच्या डोस्क्यावर एक लगीन असं ताटकाळलंय, आनि तुमी पोरींची जमंनात म्हनून रडताय?"

आक्काच म्हणाली, "मग काय करावं म्हनतीस?"

"काय करावं काय? लावून टाकावं."

तुळशीची लग्नं चालूच होती. त्यातच वरचं ठरलं. इतकी हसरी दुपार त्या वाडीनं आधी बघितली नसेल. ऊस आणला, झेंडूच्या मुंडावळ्या केल्या, नवरीला खणाचा तुकडा. करवल्या कोण, यावरनं भांडणं झाली. दाजी आधी चेष्टा करत होते, "हुंड्यात काय, पोलादी फीत?" पण पहार घेऊन फटीपलीकडचा नवरा उकरायला तेच पुढं झाले, आणि उकरल्यावर त्यांनी तो ठोकळा टॉवेलात गुंडाळून खांद्यावर असा घेतला, जसं झोपलेलं पोर घेतात. नवरीशेजारी खड्डा खणून ठेवला होता. ठकूआत्तीनं मंगलाष्टकं म्हटली, चुकतमाकत, मधेच कानडी. अक्षता पडल्या. नव्या तांदळाच्या, त्याच वर्षीच्या. खिरीचं पातेलं वर चढवायला शिवा आणि त्याचे दोस्त. मोहोळं घुमत होती, खाली सगळी शेतं सोन्यासारखी, आणि कमळीच्या तोंडावर असं काही ऊन पडलं होतं की आक्का माझ्या कानात म्हणाली, "शांते, हिचं हुतंय बघ आता." तेवढा वेळ तिला कड्याचा विसर पडला होता. कड्यावरच उभी राहून.

थोड्या दिवसांनी मापसायेब आला. आम्ही नेहमीसारख्या भाकरी घेऊन वर. तो उभा होता, पेटी हातातच. शेजारी शेजारी दोन ठोकळे, हळदीनं पिवळे, मुंडावळ्या सुकलेल्या.

"यार माडिद्रु?" कुणी केलं, त्यानं विचारलं.

"समद्यांनी!" ठकूआत्ती मोठ्या अभिमानानं म्हणाली आणि डब्यातली खीर त्याच्या हातावर घातली. "घ्या सायेब. तुमी यायच्या आधीच उरकलं, राग मानू नका."

त्यानं खीर खाल्ली. हात धुतला. पेटी उघडली आणि पुन्हा मिटली. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला वाचता येतं हे त्याला माहीत होतं, म्हणून मलाच म्हणाला, "बाई, मापं तुटली. आता मोदलिंद." पहिल्यापासून.

आक्काचा चेहरा उतरला. "पर आधीचं लिवलेलं हाय की तुमच्याकडं! दाना, दीड दाना… काच तडाकली ती?"

"आहे. पण वर विचारणार, आधीचं आणि आताचं जोडून दाखवा. ते जोडता येत नाही. आता आणखी काही वर्षं बघायचं. मग कागद पुढं."

त्यानं फटीवर थोडं लांब नव्या खुंट्या ठोकल्या. जोडीला हात लावला नाही. जाताना चप्पल काढून लांबनं गेला. त्याच्या त्या वागण्याचा अर्थ मी इतकी वर्षं लावतेय.

आणि बघा कसं असतं. त्याच माघात कमळीचं जमलं. निपाणीचं स्थळ, तंबाखूच्या वखारीत कामाला असलेला मुलगा, निर्व्यसनी, शांत. मुलगा वाडी बघायला आला तेव्हा कड्याकडं बघून म्हणाला, "भारी दिसतंय की." झालं! ठकूआत्तीचा भाव असा वधारला की विचारू नका. भोवतालच्या गावांतनं बायका जोडीला नारळ घेऊन यायला लागल्या. फुटक्या कड्याची वाडी म्हणणारं तोंड बंद झालं. माळाची गोष्ट कुणी काढेना. आक्कासुद्धा काढेना. तिनं पोरीचं सुख पदरात घेतलं होतं, आणि ते कशामुळं आलं याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. मग ज्यानं ते दिलं, त्याच्याच खालनं उठून जायचं? मी तिला दोष देत नाही. मी असते तर मीही हेच केलं असतं.

एक सुगी मध्ये गेली, आणि त्याच्या पुढच्या सुगीत कमळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

मी म्हटलं होतं, वडगावात आण, दवाखाना जवळ आहे. आक्का म्हणाली, "मागाच्या खडखडाटात बाळंतीन झोपंल व्हय? आनि ठकूआत्तीचा हात कुठनं आनू?" पोरगी झाली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सगळ्यात आतली खोली द्यायची, ही रीत. खिडकी नसलेली, अंधारी, शेगडीनं उबलेली. आक्काच्या घरात सगळ्यात आतली खोली म्हणजे कड्याला सगळ्यात जवळची.

पाऊस जाऊन किती दिवस झाले होते. सगळा पावसाळा आक्का जागी राहिली होती, आणि पाऊस गेल्यावर तिनं मला सांगितलं होतं, "सुटलो बाई यंदा." आभाळ निळंभोर होतं. आम्ही सगळे खाचरांत. आक्का जेवण घेऊन आली होती, बांधावर बसून भाकऱ्या वाटत होती. कमळीजवळ ठकूआत्ती होती, बाळाला शेक देत.

आवाज मी सांगू शकत नाही. आधी तर आवाज नव्हताच. मोहोळ घुमायचं थांबलं, हे मला आधी जाणवलं. आक्का मान वर करून म्हणाली, "कडा गप का झाला?" आणि मग माथ्याचा एक लांबच लांब काप, शांतपणे, सावकाश, जणू कुणी वाकून खाली काही बघतंय, असा पुढं आला.

मग तांबड्या धुळीचा ढग. त्यातनं पिवळा, ओला, शाडूचा लोट. आणि आम्ही धावलो तर मोहोळं. पोळी फुटलेली, लाखो माश्या पिसाळलेल्या. वाडीपर्यंत कुणाला पोचू देईनात. दाजी तसेच घुसले, तोंड सुजून डोळे मिटले, तरी हातानं चाचपत. ओल्या पेंढ्याचा धूर करून गडी पुढं सरकले, तोपर्यंत फार वेळ गेला होता. खरं सांगायचं तर वेळ लागला नसता तरी काही उपयोग नव्हता. आतल्या खोलीवर जो दगड बसला होता, तो आजही तिथंच आहे.

कमळी, तिची नाव न ठेवलेली पोरगी, ठकूआत्ती. सगळं घर शेतात होतं, फक्त ज्यांनी बाहेर पडायचं नव्हतं त्या आत होत्या.

पेपरात आलं. या वेळी अख्खी बातमी मला मिळाली, आणि अख्खी मिळून काही फायदा नसतो हे कळलं. शेवटी एक वाक्य होतं, की गावकऱ्यांच्या अंधश्रद्धेमुळं मापनाचं काम खंडित झालं होतं. ते वाक्य तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. भोवतालची गावं म्हणू लागली, बायकांनी केलं, म्हातारीनं केलं. म्हातारी उत्तर द्यायला नव्हती. मी त्यांना विचारायची, आणि अजूनही विचारते: दाणा, दीड दाणा, तडकलेली काच, हे सगळं लग्नाच्या आधीच लिहून झालं होतं ना? तेव्हा कुठला कागद हलला? पण हे विचारून झालं की मनात दुसरं काहीतरी येतं. एखादा कागद हलणारच असेल तर? त्या वर्षी, पुढच्या वर्षी? ते मला कोण सांगणार? ज्या ऑफिसातल्या माणसांना ठाऊक असेल ती निवृत्त झाली, मेली, त्यांच्या बदल्या झाल्या. रागवायचं कुणावर, हेसुद्धा आम्हाला कुणी नेमून दिलं नाही.

मापसायेब येऊन गेला. पेटी आणली नव्हती. आक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "सायेब, खरं सांगा. आमच्यामुळं झालं का वो?"

"इल्ला, अव्वा," तो म्हणाला. नाही, आई. "इल्ला." दोनदा म्हणाला. तो मोजणारा माणूस होता, ज्याचं माप नाही ते कधी बोलायचा नाही. त्या दिवशी मोजून बोलला, की दयेनं बोलला? आक्कानं विश्वास ठेवला नाही, एवढं मला माहीत आहे.

माळावरच्या जागा लगेच मिळाल्या. आता मापं कुणी मागितली नाहीत. एका ओळीत पत्र्याची घरं, आधी झाड नाही, पाणी नाही, सगळीकडं सपाट. संध्याकाळ इतर गावांबरोबरच व्हायची. दाजी त्या उजेडाला सरावले नाहीत. दुपार कलली की अंगणात येऊन सावलीची वाट बघायचे, आणि नुसते बसायचे. चेष्टा संपली त्यांची. दोन पावसाळे काढले आणि गेले.

आक्का राहिली. मी सुगीला जायची, पण आता कापणीला नव्हे. दोघी बसायचो. ती कमळीचं नाव घ्यायची नाही. एकदाच म्हणाली, "जोडी लावली न्हसती, तर तिचं जमलं न्हसतं. जमलं न्हसतं, तर ती त्या आतल्या खोलीत निजली न्हसती. मग माज्या घरात बसून म्हातारी झाली असती गं कमळी. केस पांढरं झालं असतं तिचं." तिच्या डोळ्यांपुढं ते पांढरे केस खरेच होते.

मग शिवाचं लग्न झालं, आणि काही वर्षांनी, बेळगावात पाट्यांवरनं दंगली चालू होत्या त्या सालात, त्याची बायको बाळंत झाली. पुन्हा सुगीतच. मी गेले तेव्हा माळावर ही गर्दी. घराच्या दारात बायका जमून आक्काला ओरडत होत्या. आत सगळ्यात आतल्या खोलीत त्यांनी गोधड्या लावून, फटी बुजवून बाळंतिणीची सोय केली होती, आणि आक्कानं खाट ओढत अंगणात, उघड्यावर आणून टाकली होती. उन्हात. वाऱ्यात. पोरगी बिचारी डोक्याला फडकं बांधून, बाळ पोटाशी धरून घाबरून बसलेली.

"सुंदराआक्का, अवो ओली बाळंतीन हाय ती! असं कुनी करतंय?"

"मी करतोया," आक्का म्हणाली. आमच्याकडं बायका चिडल्या की असं पुरुषासारखं बोलतात.

मीही पुढं झाले. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आक्का, हितं डोंगूर न्हाय गं. बघ की. सगळीकडं माळच हाय."

तिनं माझा हात काढला नाही, पण वळूनही बघितलं नाही. सुनेच्या पायांवर गोधडी नीट केली, खाटेच्या दांडीला टेकून जमिनीवर बसली, आणि बायकांकडं बघून, अगदी समजुतीच्या आवाजात, जसं लहान पोरांना सांगतात, म्हणाली,

"लागू दे वारं. वाऱ्याला औषध हाय."